बुधरीबाईच्या इंजनचा चौथा बोल्ट

बुधरीबाईचा फोन आला का मी पहिले खाली बसून घेतो. ती हालहवाल विचारत नाई, जेवले का म्हणत नाई, सरळ इंजनची तब्येत सांगते. गेल्या पौषात असाच फोन आला.

"भाऊ, इंजन खोकून राह्यलं. काळं थुकते. हँडल फिरवलं तं पोकळ लागते, पहिल्यासारखं हाताले ढकलत नाई."

आता सांगा. मूल गावाले माह्या दुकानात चांगले शिकलेले लोक येतात, गाडी ढकलत आणतात अन् म्हणतात, "नानाजी, काहीतरी आवाज येऊन राह्यला." काहीतरी! अन् ही बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली, धानोऱ्याच्या पुढच्या जंगलातून फोनवर मले सांगून राह्यली का इंजनच्या रिंगा गेल्या. मी रिंगा, पिस्टन, लायनर सगळं थैलीत भरलं.

"अन् भाऊ, गुरुवारी करसाड आहे," ती म्हणली.

करसाड म्हणजे त्यायच्या कुळाच्या देवाची जत्रा. चार गावचे पाहुणे येणार, अन् सगळ्यायच्या जेवणाचा तांदूळ हिच्याच इंजनवर चालणाऱ्या भरडाच्या मशीनवर निघाचा. सात पोते धान. ग्रामसभेनं तिले सांगून ठेवलं होतं, बुधवारी दिवस बुडाच्या आत इंजन सुरू झालं नाई तं धान गावातल्याच इतवारीच्या ट्रॅक्टरनं धानोऱ्याच्या मिलवर जाईन. अन् मशीनच्या खोलीची चावी बुधरीच्या कमरेतून निघून इतवारीच्या खिशात जाईन, कायमची. हे सांगताना तिचा आवाज जरा बारीक झाला. इंजनचं सांगताना झाला नव्हता.

"बाई, नानाजी मिस्त्री येऊन राह्यला," मी म्हणलं. "चावी कमरेले घट्ट बांधून ठेव."

माह्यं तोंड असं आहे. बायको म्हणते, तुमचं तोंड खराब पण हात चांगला. तीस वर्षं मी या चांगल्या हातावर जगून राह्यलो. राइस मिलचे इंजन, पंपाचे इंजन, मोहर्लीच्या सफारीच्या गाड्या, सगळं खोललं. अन् तीस वर्षं मी चारचौघात सांगत आलो का माह्या हातून एकही बोल्ट घिसला नाई. घिसला नव्हता असं नाई. पाहाले कोणी नव्हतं.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी कोसमटोल्याले, तिच्या गावाले, पोहोचलो. थंडी अशी का गाडीवर हाताची बोटं कोणाची आहेत तेच समजेना. मशीनची खोली गावाच्या टोकाले, बाजूले कोंड्याचा ढीग, ढिगावर बुधरीच्या कोंबड्या. बुधरी दारातच उभी होती. पन्नाशीची बाई, बारीक, पण हात पाहाल तं माह्याहून जाड. तिनं कोरा चहा दिला, चांगला गोड. ही साखरेची गोष्ट ध्यानात ठेवा. बुधरी रागावली का बोलत नाई, भांडत नाई, भांडे आपटत नाई. फक्त चहात साखर टाकत नाई.

आठ हॉर्सपॉवरचं इंजन, एका सिलिंडरचं. हेडले चार बोल्ट. तीन बोल्ट मी चहाचा घोट संपाच्या आत काढले. चौथा होता मांगच्या कोपऱ्यात, सायलेन्सर अन् डिझेल टाकीच्या मधात, अन् त्याच्यावर बोटभर जाड थर. पिवळा, चिकट, कोंडा अन् धूळ बसून पक्का झालेला.

"हे काय आहे बाई?"

"टोरीचं तेल."

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल इकडं सगळ्यायच्या घरी निघते. बुधरी ते तेल केसाले लावते, नातवाच्या गुडघ्याले लावते, दाराच्या बिजागरीले लावते, अन् इंजनच्या प्रत्येक बोल्टले लावते. उन्हाळ्यात ते तेल असते. थंडीत तुपासारखं थिजते.

"भाऊ, पहिले खरवडून देऊ का?" ती म्हणली. "गरम पाणी टाकते, थर निघते. मंग पाना नीट बसन."

मी काय म्हणाव? मी म्हणाव, हो बाई, खरवड. पण नाई. माह्या तोंडात तीस वर्षं बसली होती ना!

"बुधरीबाई," मी म्हणलं, "तुह्यं काम धान भरडाचं. बोल्ट माह्यावर सोड."

रिंग पाना थरामुळं खालपर्यंत बसेना. मंग मी फिक्स पाना लावला, जो दोनच बाजू धरते, अन् तोही अर्धाच बसला. त्याच्या दांड्यावर लोखंडी पाईप घातला, पाय भिंतीले टेकवला अन् दिला जोर. कर्रर्र झालं. बोल्ट नाई फिरला, पाना फिरला. अन् मी सरळ दारातून बाहेर कोंड्याच्या ढिगावर, कोंबड्यायच्या मधात. एक काळी कोंबडी अशी ओरडली का अर्धं गाव बाहेर आलं.

उठून पाहतो तं बोल्टचे कोने मेले होते. सहाचे सहा. कोने गेल्यावर पान्यानं धराव काय? शहाण्या माणसानं इथी थांबाव. मी पाईप पाना लावला, तो घसरला. छिन्नी लावून ठोकलं, तिनं उरलंसुरलं सोललं. अर्ध्या घंट्यात मी त्या बोल्टची सुपारी करून ठेवली.

तेवढ्यात इतवारी आला. ट्रॅक्टरवाला इतवारी, तोच, ज्याच्या खिशात चावी जाणार होती. माणूस वाईट नाई, पण या मशीनचं नाव निघालं का त्याच्या तोंडावर आंबट येते. ते काऊन, हे मले दुसऱ्या दिवशी समजलं.

"काय झालं मिस्त्री?"

"बोल्ट मेला," मी म्हणलं. मेला! जसा काई आपल्या मरणानं मेला.

इतवारीनं वाकून पाहिलं, बोटानं थर खरवडला, वास घेतला. मंग सगळ्यायले ऐकू जाईन असं म्हणला, "टोरीचं तेल! मी आठ वर्षांपासून सांगून राह्यलो, इंजनले टोरीचं तेल लावते का कोणी? बोल्ट जाम झाला बाईच्या तेलानं. हो का नाई मिस्त्री?"

सगळे माह्याकडं पाहू लागले. बुधरीही. एवढे लोक, कपड्याले कोंडा लागलेला, अन् तीस वर्षांचं नाव. मी रुमालानं हात पुसले अन् म्हणलं, "टोरीचं तेल... तं लावूच नाई."

खोटं काई बोललो नाई. फक्त खरं गिळलं. संध्याकाळी बुधरीनं चहा आणून ठेवला. एक घोट घेतला अन् समजलं. साखर नव्हती.

घिसलेल्या बोल्टवर एक नट वेल्डिंग करून बसवला का तो निघते, हे कोणीही सांगन. मी धानोऱ्याच्या वेल्डिंगवाल्याले फोन केला. त्याची मशीन पुलाच्या कामावर गेली होती, शुक्रवारी येणार होती. बरं म्हणलं, उद्या दिवसभर छिन्नीनं भिडतो. तं रात्रीच्या जेवणाआधी गावचा गायता दसरूभाऊ आला. गायता म्हणजे गावाच्या देवाचं पाहणारा, सत्तरीचा, शांत.

"मिस्त्री, उद्या गाव पाळणूक आहे," तो म्हणला. "करसाडीच्या दोन दिवस आधी गाव पाळते. नांगर नाई, कुऱ्हाड नाई, विळा नाई. उद्या लोखंडाले कोणी हात लावत नाई. तुमचा पानाही त्यातच आला."

"दसरूभाऊ, बुधवारी दिवस बुडाची मुदत तुम्हीच दिली ना! त्यातला एक दिवस तुम्हीच काढून घेता?"

"मुदत सभेनं दिली. दिवस देवानं घेतला," तो म्हणला, अन् जोहार करून गेला.

मंगळवारी सकाळी मी अंगणात बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. बसणं हे काम मले कधी जमलं नाई. दुपारी सगळे देवाच्या ठिकाणी गेले, गाव सामसूम झालं. मी म्हणलं, नानाजी, देव जंगलात आहे अन् बोल्ट इथी आहे. हळूच मशीनच्या खोलीत गेलो, छिन्नी ठेवली, हातोडा मारला. एकच मारला. ठण्ण!

गड्या, त्या दिवशी गावात बकरीही ओरडत नव्हती. तो ठण्ण डोंगराले लागून वापस आला. कुत्रे उठले, काळी कोंबडी ओरडली, अन् मी हातोडा खाली ठेवाच्या आत दारात दसरूभाऊ, त्याच्या मांगं इतवारी, त्याच्या मांगं पूर्ण गाव. कोणी रागावलं नाई. हेच तं जास्त लागलं.

"दंड एक कोंबडी," दसरूभाऊ म्हणला. "अन् दिवस बुडतपर्यंत हात मांडीवर."

कोंबडी मी कुठून आणाव? बुधरीपासूनच विकत घ्या लागली. तिनं काळीच काढून दिली. ती कोंबडी रांधून गावानं वाटून खाल्ली, मलेही एक वाटी दिली. रस्सा चांगला होता, हे कबूल करतो.

मंग मी हात मांडीवर ठेवून बुधरीच्या अंगणात बसलो अन् माह्या शेजारी दसरूभाऊ, पहाऱ्याले. तवा पाहिलं. बुधरी चुलीतले लालबुंद इंगळ मातीच्या खापरात घेऊन मशीनच्या खोलीकडं चालली. डिझेलची टाकी तिनं सोमवारीच माह्याकडून खाली उतरवून बाहेर ठेवून घेतली होती, ती मले उगीच वाटली होती. तिनं खापर बोल्टच्या डोक्यावर टेकवलं. अर्धा घंटा ठेवलं. मंग खापर काढून थिजलेल्या टोरीचा गोळा त्या गरम बोल्टवर दाबून धरला. तेल चुर्र झालं अन् बोल्टच्या कडेनं आत उतरलं. थंड झालं का पुन्हा इंगळ, पुन्हा तेल.

"हे काम नाई का?" मी भडकलो. "माह्या एका हातोड्याले कोंबडी, अन् ही भट्टी लावून बसली तं चालते?"

"चूल तं रोजच पेटते गा," दसरूभाऊ म्हणला. "खापर मातीचं. तेल झाडाचं. लोखंडाले तिनं हात कुठी लावला?"

दिवस बुडतपर्यंत तिनं सहा वेळा इंगळ नेले. मी सहाही वेळा पाहिलं, कारण दुसरं पाहाले काई नव्हतं.

त्याच दुपारी दसरूभाऊनं मले तिची गोष्ट सांगितली. आठ वर्षांपहिले बचत गटाले हे इंजन मिळालं. गट बायायचा, पण इंजन म्हणल्यावर हँडल माराले सगळे माणसं पुढं. त्यात इतवारी पहिला, कारण ट्रॅक्टरवाला. त्यानं हँडल मारलं, इंजननं झटका देऊन हँडल उलटं फेकलं, अन् इतवारीचे समोरचे दोन दात गेले. मंग कोणी माणूस हँडलले शिवेना. बुधरी सकाळपासून धान घेऊन बसली होती. दिवस कलला, घरी पोरं उपाशी. ती उठली, इंजनच्या पाठीवर हात ठेवला, हळूहळू दोन-चार वेळा हँडल फिरवून पाहिलं का हे कुठी अडते, कुठी सुटते. मंग मारलं एकच. धक धक धक. तेव्हापासून चावी तिच्या कमरेले.

तिचा नवरा मुखरू इंजनच्या आवाजाले इतका भेते का तिकडं धक झालं का हा इकडं बांबू पाहाच्या निमित्तानं जंगलात. पण रोज दुपारी तिची भाकर मशीनच्या दारात कोण ठेवते, ते गावाले माहीत आहे. वर्षाचं पहिलं धान भरडाच्या आधी ती मोहाच्या दारूचे दोन थेंब जमिनीवर टाकते अन् एक थेंब इंजनच्या चाकावर. आठ वर्षांत एकही दिवस तिनं कोणाचं धान वापस पाठवलं नाई.

"इतवारीले चावी नको आहे," दसरूभाऊ म्हणला. "त्याले दात पाहिजे. ते तं आता मिळत नाई, म्हणून चावी."

मी हसलो. इतवारीचा राग निदान दोन दातांचा होता. मी काऊन त्या बाईचं नाव घेतलं? कोंडा झटकाले? लाज वाटली मले. खरी लाज. संध्याकाळी पुन्हा बिनसाखरेचा चहा आला अन् मी तो औषधासारखा पूर्ण पिऊन टाकला.

बुधवारी उजाडताच बुधरी विळा घासाची कानस घेऊन आली. मले म्हणली, "भाऊ, तुमचा सगळ्यात चांगला फिक्स पाना कोणता?" मी चौदाचा दिला. ती बोल्टजवळ बसली अन् त्या सुपारीच्या दोन बाजू कानशीनं घासू लागली. जोर नाई, घाई नाई. दहा वेळा घासाव, पाना लावून पाहाव, पुन्हा घासाव. मी तीनदा म्हणलं, "दे, मी करतो." तिनं तीनदा ऐकलं नाई. घंटाभरानं पाना त्या दोन सपाट बाजूवर असा बसला जसा तिथंच जन्मला.

"आता सोडव," मी म्हणलं, "पूर्ण ताकदीनं."

"नाई. पहिले कसाचा."

"कसाचा? बाई, काढाचा आहे तो!"

"चिखलात फसलेला बैल पहिले मांगं सारते ना भाऊ? मंग पुढं येते."

तिनं बोल्ट जरासा कसला. कुईं असा बारीक आवाज आला. मंग उलटा. पुन्हा कुईं, अन् बोल्ट फिरला. बाहेर आला तं त्याचे आटे टोरीच्या तेलानं चकचकत होते, शेवटच्या आट्यापर्यंत. मी तीस वर्षांत बोल्टले शिव्या दिल्या, त्या दिवशी पहिल्यांदा हात जोडले.

पुढचं काम माह्या हातचं होतं, अन् हात खरंच चांगला आहे. लायनर, पिस्टन, रिंगा बसवल्या. बुधरी सामान देत गेली, मी न मांगता. चौथ्या जागी माह्या डब्यातला नवा बोल्ट लावला, अन् लावाच्या आधी कोणाले न दिसता त्याले टोरीचं तेल चोपडलं. चार वाजता बुधरीनं हँडल मारलं. धक धक धक! मुखरू अंगणातून उठला अन् सरळ जंगलात.

लोक जमले, धानाचे पोते आले. इतवारीनंच आपल्या ट्रॅक्टरनं आणले, ते मी सांगितलं पाहिजे. पण आणून टाकल्यावर तो सभेसमोर उभा राह्यला.

"इंजन सुरू झालं, चांगलं झालं. पण सुरू कोणामुळं झालं? मिस्त्री आला म्हणून. अन् बिघडलं कोणामुळं? बाईच्या तेलामुळं. मिस्त्री सोमवारी सगळ्यायसमोर म्हणला. दरवर्षी मूलहून मिस्त्री आणाचा का? चावी बदलाच लागन."

दसरूभाऊनं बुधरीकडं पाहिलं. तिनं चावी कमरेतून काढून हातात धरली, बस. इंजन तिच्या मांगं धडधडत होतं.

"मिस्त्री," दसरूभाऊ म्हणला, "तुमी सांगा."

मी हातातला पाना खाली ठेवला. अन् बोललो.

"बोल्ट तेलानं नाई गेला. माह्या हातानं गेला. ती म्हणली खरवडू का, मी म्हणलं गप. पाना बसला नव्हता, तरी जोर दिला. अन् इतवारीभाऊनं विचारलं तवा मी बाईच्या तेलावर ढकललं, कारण मले लाज वाटली. काढला तिनं, त्याच तेलानं. माह्या भरवशावर राह्यले असते तं पाहुण्यायले कच्चं धान चावा लागलं असतं."

मंग मांगून कोणीतरी फुसकन हसलं, अन् पूर्ण सभा फुटली. इतवारीही हसला, तवा त्याचे दोन दात कुठं नाई ते मले नीट दिसलं.

"इंगो," दसरूभाऊ म्हणला. इंगो म्हणजे हो. "चावी जिथी आहे तिथी राहीन. अन् मिस्त्री, दोन दिवस खरं पोटात ठेवल्याचा दंड, एक कोंबडी."

"भाऊ, पुन्हा?"

"पुन्हा."

कोंबडी पुन्हा बुधरीचीच. या वेळी तिनं लाल दिली. मी करसाडीले थांबलो, त्याच तांदळाचा भात खाल्ला, अन् निघताना चहा आला. इतका गोड का चमचा उभा राहावा. मी म्हणलं, "बाई, तो घिसलेला बोल्ट मले दे, फेकून देतो." ती म्हणली, "नाई." त्याले तिनं चावीच्या दोरीत बांधलं होतं.

अजून तिथंच आहे. धान घेऊन येणारा प्रत्येक जण विचारते, हे काय गा बांधलं? ती नुसती हसते अन् मुखरूकडं पाहते, अन् मुखरू, जो इंजनले भेते पण बोलाले भेत नाई, तो पूर्ण गोष्ट सांगते, कोंड्यापासून कोंबडीपर्यंत. मूलच्या बाजारातही मले आता दोघा-तिघांनी विचारलं.

परवा पुन्हा फोन आला. मी खाली बसलो.

"भाऊ, इंजन ठणठणीत आहे," ती म्हणली. "चाकाच्या बेअरिंगचा जरासा आवाज येऊन राह्यला, तेवढं पाहा लागते. सोमवारी या."

"येतो बाई."

"अन् येताना घरून दोन कोंबड्या आणा. माह्या आता अंडे देऊन राह्यल्या."